हेलपाट्यांचा हिशेब बँकेने ठेवावा

बँकांच्या वरच्या कार्यालयांत हल्ली एक शब्द फार चालतो, ग्राहक संबंध व्यवस्थापन. इंग्रजी आद्याक्षरांनी त्याला सी.आर.एम. म्हणतात. गिऱ्हाईक कोण, खाते किती जुने, कर्ज किती, त्याला पुढे काय लागेल, हे संगणकात नोंदवायचे आणि त्याप्रमाणे त्याच्याशी वागायचे, एवढाच त्याचा अर्थ. कल्पना वाईट नाही. पूर्वी गावच्या शाखेतला चांगला मॅनेजर हेच काम डोक्यात ठेवून करी. कोणाची कलमे मोहरली नि कोणाची होडी दुरुस्तीला ओढली, हे त्याला ठाऊक असे. प्रश्न आहे तो हे नाते नीट चालले की नाही ते मोजायचे कसे, हा.

सध्या मोजतात ते असे: मोबाईल बँकिंगची नोंदणी किती झाली, काउंटरऐवजी फोनवरून किती व्यवहार झाले, एकेका खातेदाराच्या गळ्यात विमा, कार्ड, ठेव अशा किती योजना बांधल्या. आकडे वर जातात आणि शाखेची पाठ थोपटली जाते. हे आकडे खोटे आहेत असे नाही. 2016 साली यू.पी.आय. आले आणि आज मालवणच्या मासळी बाजारात मासेवालीच्या पाटीशेजारीही स्कॅनर दिसतो. मुंबईच्या चाकरमान्याने पाठवलेले पैसे आचऱ्यात आईच्या खात्यावर त्याच क्षणी पडतात. मनिऑर्डरसाठी पोस्टमनची वाट पाहिलेल्यांना याचे मोल सांगायला नको.

पण पैसे पोचणे वेगळे आणि बँकेने माणूस ओळखणे वेगळे. आपल्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. इंजिनासाठी कर्ज काढलेल्याच्या फोनवर हप्त्याची आठवण मात्र याही दोन महिन्यांत वाजते, तीही बहुधा इंग्रजीत. आंब्या-काजूचा पैसा उन्हाळ्यात येतो, मुदतीच्या कर्जाचा हप्ता बारमाही. संगणकाला खाते कळते, हंगाम कळत नाही. 2018-19 मध्ये किसान क्रेडिट कार्ड मच्छीमारांनाही लागू झाले ते याचसाठी, की कर्जाची फेड हंगाम पाहून व्हावी. किती मच्छीमारांच्या कर्जाची फेड हंगामाप्रमाणे बांधून दिली, हा आकडा बँकेने दाखवावा. नाते त्यातून कळेल.

अंगठ्याचेही तसेच. बँक मित्राच्या यंत्रावर बोट ठेवले की पैसे मिळतात म्हणतात. पण काजू बी फोडून जिची बोटे तेलाने सोलवटली, किंवा रापणीचा दोर ओढून ज्याच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्याला यंत्र ओळखेलच असे नाही. दोनदा, तीनदा दाबून पाहायचे आणि घरी जायचे.

खरी गोम इथेच आहे. देवबागचा माणूस दिवस बुडवून, एस.टी.चे भाडे खर्चून मालवणात येतो. "नेट नाय, उद्या येवा," असे उत्तर मिळते. दुसऱ्या दिवशी साहेब रजेवर. तिसऱ्या दिवशी काम होते. संगणकात नोंद काय होते? एक ग्राहक, एक व्यवहार, यशस्वी. पहिले दोन हेलपाटे कुठेच लिहिले जात नाहीत, म्हणून वरच्या साहेबाच्या लेखी ते झालेच नाहीत! मे 2021 च्या तौक्ते वादळात अनेक गावांची वीज कित्येक दिवस गेली, फोन मुके झाले, तेव्हा तर लोकांना रोख पैशाची गरज होती. बंद यंत्राला त्या गरजेची नोंद कशी करता येणार?

त्यात बँकांची नावेही बदलत राहिली. रत्नागिरी-सिंधुदुर्ग ग्रामीण बँकेचा जुना खातेदार पुढे वैनगंगा कृष्णात गेला, 2013 मध्ये विदर्भ कोकणचा झाला आणि 1 मे 2025 पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेचा आहे. माणूस तोच, खाते तेच. अशा वेळी नाते टिकते ते काउंटरपलीकडच्या माणसामुळे. आणि त्याची तर बदली होते.

ग्राहकसेवेवर समित्या कमी झाल्या नाहीत. 1991 साली गोईपोरिया समितीने अहवाल दिला, 2011 मध्ये दामोदरन समितीने. 2021 पासून व्यापारी बँकांना वार्षिक अहवालात तक्रारींचा तपशील द्यावा लागतो. परंतु तो अख्ख्या बँकेचा. मसुरे किंवा कट्टा येथे काय चालले आहे, ते त्यात कसे दिसावे? तेव्हा आमचे म्हणणे एवढेच, की प्रत्येक शाखेच्या दाराशी साधी वही ठेवावी. आलेल्याने तारीख, काम आणि ते झाले की नाही एवढे लिहावे, लिहिता न येणाऱ्याचे शिपायाने लिहावे. तालुक्याच्या बँकर्स समितीत आणि अग्रणी बँक असलेल्या बँक ऑफ इंडियाच्या जिल्हा बैठकीत त्या वहीचा गोषवारा वाचावा. दुसऱ्यांदा यावे लागलेले किती, हा एक आकडा पुरे.

तोवर खातेदारांनीही तोंडी तक्रारीवर भागवू नये. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. ए.टी.एम.मधून पैसे न निघता खात्यातून वजा झाले, तर पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत, पुढे दररोज 100 रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा 2019 चा नियम आहे. तक्रारीला 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्याला फी नाही, टपालाने साधा अर्जही चालतो. माहितीसाठी 14448 हा दूरध्वनी आहे. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना ही योजना 1 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आहे. आपल्याकडे विकास सोसायटीमार्फत कर्ज घेणाऱ्या बहुतेकांचा संबंध जिल्हा बँकेशी येतो. म्हणून गटसचिव आणि ग्रामसेवक भाऊसाहेबांनी एवढे करावे: ही माहिती सोसायटीच्या आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत मराठीत लिहावी, आणि शाखेत वही ठेवण्याचा ठराव येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा.