याला जुगाड म्हणायचं नाही

तर झालं असं, की फेब्रुवारीतल्या एका शनिवारी आम्ही भिगवणला गेलो होतो. मी, बाबा आणि ऑफिसातले दोन मित्र. कुंभारगावहून होडी घेतली. उजनीच्या पाण्यात रोहित पक्षी माना खाली घालून उभे, दहा वाजून गेलेले, ऊन मी म्हणत होतं. बाबांच्या हातात मी दिवाळीला दिलेला नवाकोरा कॅमेरा. थवा उडाला तशी आम्ही तिघांनी फोटोंची सरबत्ती केली. बाबांनी मात्र कॅमेरा मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "राहू दे रे, मला आता दिसत नाही. मोतीबिंदू आला असणार."

पुण्यात आल्यावर डोळे तपासून घेतले. मोतीबिंदू-बिंदू काही नाही, वाचायचा चष्मा आहे तोच बरोबर. मग मी तोच कॅमेरा घेऊन भर दुपारी गच्चीवर गेलो. आणि मलाही काही दिसेना! चौतीस वर्षांचा, बिनचष्म्याचा माणूस मी. स्क्रीनमध्ये दिसत काय होतं, तर माझाच पांढरा शर्ट.

म्हणजे बघा, सत्तरीच्या माणसाने आपले डोळे गेले असं समजून हौस गुंडाळून ठेवली. खरं कारण काय? तर कॅमेऱ्याला डोळा लावायची खिडकी, म्हणजे व्ह्यूफाइंडरच नाही. आणि मी शहाण्याने मेगापिक्सेल, झूम, वजन सगळं तपासलं, ही एक गोष्ट सोडून. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळेच स्क्रीन सुंदर दिसतात हो.

सोमवारी ऑफिसात हे सांगितलं तर उत्तर तयार होतं. "अरे, विकून टाक. नवीन मॉडेल घे, स्क्रीन दुप्पट ब्राइट आहे." मी म्हटलं, त्यापेक्षा पुठ्ठ्याचा हुड करतो. सगळे हसले. "वा, जुगाड!"

माझं भांडण आहे ते या दोन वाक्यांशी.

आधी "दुप्पट ब्राइट". आपण इंजिनिअर ना? मग जरा गुणाकार करू. भर दुपारच्या उन्हात साधारण एक लाख लक्स उजेड असतो. ऑफिसात तीनशे ते पाचशे. पांढरा शर्ट त्यातला ऐंशी टक्के उजेड परत फेकतो, म्हणजे शर्टाची चमक झाली साधारण २५,००० निट्स. (निट म्हणजे ज्या मापात मोबाइलवाले आपल्या स्क्रीनची जाहिरात करतात ते.) साध्या काचेच्या पृष्ठभागावरून चार टक्के प्रकाश आरशासारखा परावर्तित होतो. २५,००० चे चार टक्के म्हणजे हजार निट्स. सूर्य समोर असेल आणि कॅमेरा नजरेच्या थोडा खाली धरला असेल, तर काचेत नेमकी तुमची छाती दिसते. झालं, चित्रावर हजार निट्सचा शर्ट पसरला.

आता समजा स्क्रीन ५०० निट्सचा आहे. चित्रातला पांढरा भाग झाला १५००, आणि जो काळा असायला हवा तो झाला हजार. दीडास एक. घरात हाच स्क्रीन हजारास एक देतो! बरं, घ्या दुप्पट ब्राइट. दोनास एक. चौपट घ्या, तीनास एक. बॅटरी चौपट वेगाने जाळून हाती काय आलं? बरं, मोबाइल उन्हात तापला की स्वतःच स्क्रीन मंद करतो, म्हणजे जिथे गरज तिथेच माघार.

उलट, हुड लावून तो हजाराचा शर्ट नुसता वीसवर आणा. ५२० ला २०, म्हणजे सव्वीसास एक. त्याच जुन्या स्क्रीनवर! गणित इतकं एकतर्फी आहे. सूर्याशी उजेडाची मारामारी करायची नसते, सावली करायची असते. हे शेतात दुपारी झाडाखाली भाकरी खाणाऱ्या माणसाला कळतं, आपल्याला स्पेक शीट लागते.

आता "जुगाड". ट्रॅक्टरचं इंजिन खाटेला जोडून चालवणं हा जुगाड. कसंबसं चालतंय, उद्या बंद पडेल, पोलिसांनी पकडलं तर पळावं लागेल. उन्हातल्या चित्राला काळी पेटी करणं हे तसलं नाही. जुने फोटोग्राफर तिपाईवरच्या कॅमेऱ्यामागे डोक्यावर काळं कापड घेऊन उभे राहायचे ते काय थंडी वाजत होती म्हणून? मागच्या काचेवरचं चित्र उजेडात दिसायचं नाही म्हणून. १९२९ साली आलेल्या रोलायफ्लेक्सवर वरच्या काचेभोवती चार पत्र्यांची घडीची पेटी होती, आत छोटंसं भिंगसुद्धा. कारखान्यातूनच बसवून यायची. म्हणजे आपण जो पुठ्ठा कापतो तो कॅमेऱ्याचा एके काळचा रीतसर भाग आहे. १९९५ च्या कॅसिओ क्यूव्ही-१० ला मागे स्क्रीन आला, आणि डोळ्याची खिडकी नव्हती. २००९ चा ऑलिम्पस ई-पी१ तसाच, २०२२ चा निकॉन झेड ३० तसाच. खिडकी काढली तर काढा, वजन आणि किंमत वाचते हे मलाही कळतं. पण मग सोबत पेटी द्या ना!

असो. करायला बसलो. तीन इंची, तीनास दोन आकाराचा स्क्रीन सुमारे ६३ बाय ४२ मिलिमीटर भरतो. काळ्या कार्डशीटच्या चार भिंती, खोली नऊ सेंटिमीटर. नऊ का? सूर्य पाठीमागे असेल तर वरची भिंत सबंध स्क्रीन झाकते ती सूर्य २५ अंशांच्या वर गेल्यावर. त्याच्या खाली असला तर आपलं डोकंच सावली धरतं. आणि चष्म्याने वाचणाऱ्या माणसाला पस्तीसेक सेंटिमीटरवरून बघायला अडत नाही. घडीच्या रेषेवर बोथट सुरी फिरवली की कोपरे सरळ येतात. कॅमेऱ्याला जोडायला वेल्क्रो, बटणांच्या बाजूला खाच.

पहिला हुड गंडला. कार्डशीट गुळगुळीत होती, तिरक्या उजेडात आतून चकाकायला लागली. काळं म्हणजे काळं नसतं राव. मग शिंप्याकडून काळ्या मखमलीचा तुकडा आणून आत चिकटवला, तेव्हा कुठे जमलं. भिंग बसवायचा मोह मी टाळला. ते बसवलंत तर उन्हात उघडं ठेवू नका, लहानपणी भिंगाने कागद जाळला असेलच. इथे स्क्रीन जळेल. आणि फोटो काढायला जाताना पांढरा शर्ट घालू नका, ही फुकटातली निम्मी दुरुस्ती.

तुम्ही म्हणाल, तयार हुड विकत मिळतात की. मिळतात, खुशाल घ्या. व्ह्यूफाइंडरवाला कॅमेरा परवडत असेल तर तो याहून चांगलाच. माझा राग खर्चावर नाही. दिसत नाही म्हटल्यावर "तुमचे डोळे" किंवा "नवीन मॉडेल" एवढी दोनच उत्तरं ज्यांना सुचतात, त्यांच्यावर आहे. त्यात मी होतोच. बाबा होडीत मोतीबिंदू म्हणाले तेव्हा मी मान डोलावली होती.

मार्चमध्ये पुन्हा भिगवण. बाबांनी हुड लावला, आत डोकावले, आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग नुसता क्लिक क्लिक आवाज. तीनशे बारा फोटो! अर्ध्यांत क्षितिज तिरकं, बऱ्याच पक्ष्यांच्या नुसत्या शेपट्या. एकात मात्र पाण्यावरून धावत सुटलेला रोहित, पाय अजून पाण्यात, पंख पूर्ण उघडलेले आणि त्यावरचा तो गुलाबी-लाल रंग. तो मोठा करून घेतलाय.

घरी आल्यावर त्यांनी माझा हुड उसवला. "तुझं कटिंग वाकडं आहे," म्हणाले. ज्या माणसाने तीस वर्षं घरचा आकाशकंदील स्वतः केला, त्याच्याशी काय वाद घालणार? नवीन हुड त्यांनी जाड पुठ्ठ्याचा केलाय, घडी पडणारा, खिशात मावतो. शेजारच्या काकांसाठी दुसरा चालू आहे, फक्त काकांचा स्क्रीन बाजूला उघडणारा आहे, त्यामुळे बिजागरीपाशी अडलंय.