पट्ट्याखालचा चट्टा

मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याएवढाच लाल चट्टा उठला, की आपण घामाला बोल लावतो. घामाचा वाटा असतोच, पण बरेचदा तो चामड्यातली रसायनं विरघळवून त्वचेपर्यंत आणतो, म्हणून.

आज जगातलं बहुतेक चामडं क्रोमियमच्या क्षारांनी कमावलं जातं. काम झटपट होतं, चामडं मऊ राहतं. त्यात वापरतात ते तीन संयुजेचं क्रोमियम, जे फारसा त्रास देत नाही. मात्र कमावताना हयगय झाली, चामडं मऊ करायला चुकीचं तेल वापरलं, किंवा माल कोरड्या, गरम हवेत नाहीतर उन्हात पडून राहिला, तर त्यातलं काही क्रोमियम सहा संयुजेचं बनतं. हे रूप त्वचेत सहज शिरतं आणि अ‍ॅलर्जी जडवतं. ती एकदा जडली की बहुधा जन्मभर राहते. मग थोडंसं क्रोमियमही पुरतं. सिमेंट कालवणाऱ्या गवंड्यांच्या हातांना होणारा इसब अनेकदा याच क्रोमियमचा असतो.

डेन्मार्कने हा प्रश्न युरोपीय संघात लावून धरला. 1 मे 2015 पासून तिथे त्वचेला लागणाऱ्या चामडी वस्तूंत हे सहा संयुजेचं क्रोमियम किलोमागे 3 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त सापडलं, तर ती वस्तू विकता येत नाही. कानपूर-चेन्नईहून तिकडे माल पाठवणाऱ्यांना हे पाळावंच लागतं. आणि इथे? धारावीच्या दुकानातून कंबरपट्टा घेताना तो कसा कमावला आहे, हे त्यावर सहसा कुठेही लिहिलेलं नसतं. परदेशी मनगटाची काळजी घेणारा आपलाच उद्योग घरच्या गिऱ्हाइकाला मात्र अंधारात ठेवतो, हे मला मुळीच मान्य नाही.

पर्याय आपल्याकडे जुना आहे. पारंपरिक कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. त्याला क्रोमियम लागत नाही. वेळ जास्त जातो, म्हणून दामही जास्त, आणि तो दिला पाहिजे. (पट्ट्याचं बक्कल निकेलचं असेल तर खाज त्याचीही असू शकते, हे विसरू नये.)

भिजलेला पट्टा उन्हात टाकू नका, रात्री काढून ठेवा. चट्टा जात नसेल तर मलमं बदलत बसण्याऐवजी त्वचारोगतज्ज्ञाकडून अ‍ॅलर्जी कशाची हे सांगणारी पॅच टेस्ट करून घ्या. आणि पुढचा पट्टा घेताना दुकानदाराला विचाराच: चामडं क्रोमचं की सालीचं? दहा गिऱ्हाइकांनी विचारलं, तर त्याला उत्तर शोधावंच लागेल.