फैजपूरचा ठराव काष्टीच्या बाजारात



मोठा पुढारी गावाला येऊन गेला की गावाच्या पदरात दोन गोष्टी पडतात. रस्त्यावर मुरूम पडतो आणि दरसाल हार घालायला एक तारीख मिळते. मुरूम पहिल्या पावसात वाहून जातो. तारीख टिकते. त्या पुढाऱ्याने येऊन शेतकऱ्याला काय कबूल केले, तो कागद मात्र कुठल्या कपाटात पडला आहे हे कोणी विचारीत नाही.

२७ आणि २८ डिसेंबर १९३६ या दोन दिवशी काँग्रेसचे पन्नासावे अधिवेशन खानदेशात, आजच्या जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरला भरले. तोवर अधिवेशने मोठ्या शहरांत भरत. खेड्यात भरलेले हे पहिले. महात्मा गांधी आले, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू आले. नंदलाल बोसांनी बांबू आणि तट्ट्यांचे टिळकनगर उभारले, अध्यक्षांची मिरवणूक बैलांच्या रथातून निघाली, मुंबईहून धावपटूंनी ज्योत आणली. पोलिसातली नोकरी सोडून चळवळीत आलेले खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी यांनी जिवाचे रान केले. साने गुरुजी स्वयंसेवकांत राबत होते. हे सगळे शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. २०२६ च्या डिसेंबरात त्याला नव्वद वर्षे होतात. तेव्हा पुन्हा हार, पुन्हा ज्योत, पुन्हा भाषणे होतील. व्हावीत. आमचा त्याला विरोध नाही.

पण त्या अधिवेशनात एक शेतीविषयक ठरावही झाला होता. त्यात तेरा कलमे होती. आमचे म्हणणे त्या तेरा कलमांपुरते आहे.

काष्टीच्या बैठकीत फैजपूर कशाला, असे कोणी विचारील. आपली दौंड-मनमाड लाइन धरून काष्टी स्टेशनातून निघालेला माणूस मनमाडला उतरतो. १९३६ च्या डिसेंबरात त्याच मनमाडहून पाचशेवर शेतकरी पायी फैजपूरला निघाले. दोनशे मैलांवर चालले, एकोणीस दिवस लागले. मनमाडहून त्या बाजूला आगगाडी तेव्हाही जात होती. पण वाटेतल्या गावांना शेतकऱ्यांच्या मागण्या समजावून सांगायच्या होत्या, आणि ते काम आगगाडीच्या खिडकीतून होत नाही. पुढे होते विनायकराव भुस्कुटे आणि जे. बुखारी. हे भुस्कुटे म्हणजे मुळशी सत्याग्रहातले, आपल्या पारनेरच्या सेनापती बापटांचे सहकारी. फैजपूरला त्या मोर्चाच्या स्वागताला नेहरू, शंकरराव देव, मानवेंद्रनाथ रॉय उभे होते. त्याच मुक्कामी किसान सभेचे दुसरे अधिवेशन प्रा. रंगांच्या अध्यक्षतेखाली झाले.

म्हणून फैजपूरला पुढारी आले, एवढेच सांगणे अर्धवट आहे. शेतकरीही तिथे आले होते, आणि रथातून नव्हे. आमच्या मते ठरावात जे चांगले उतरले त्यात या पायपिटीचा आणि एप्रिल १९३६ मध्ये स्थापन झालेल्या किसान सभेच्या रेट्याचा वाटा मोठा आहे. दुसरा वाटा निवडणुकीचा. १९३७ च्या सुरुवातीला प्रांतिक निवडणुका होत्या. निवडणूक तोंडावर आली की सगळ्यांना शेतकरी आठवतो, ही रीत आजची नाही.

ठरावात काय होते? सारा आणि खंड कमी करावा. ज्या जमिनीवर कुटुंबाचे पोट भरत नाही तिला सारा माफ करावा. कालव्याची पाणीपट्टी उतरवावी. वेठबिगार आणि सरंजामी पट्ट्या बंद कराव्यात. कुळाला कसण्याची शाश्वती द्यावी. कर्जाचा बोजा हलका करून स्वस्त पतपुरवठा करावा. गावाला गुरचरण असावे. थकबाकीपायी जमिनीवरून हुसकू नये. शेतमजुराला पोट भरेल एवढी मजुरी कायद्याने द्यावी. शेतकऱ्यांच्या संघटनांना मान्यता द्यावी. जमीनदारी मोडण्याचे कलम त्यात नव्हते, तेवढी छाती झाली नाही. तरीही त्या काळी एवढे लिहून घेणे ही लहान गोष्ट नव्हती.

कोरडवाहू शेतकऱ्याने यातले एक कलम नीट वाचावे. पोट न भरणाऱ्या जमिनीचे. त्यात किती एकर, असे विचारलेले नाही. त्या जमिनीवर घर चालते का, असे विचारले आहे. हा फरक कागदावर बारीक दिसतो, पण आपले मरण त्याच फरकात आहे.

आम्ही शेतकीचे पदवीधर. हिशेब मांडल्याशिवाय आम्हाला करमत नाही. कर्जत-जामखेडकडच्या सात एकर कोरडवाहू रानात रब्बी ज्वारी घेतली, परतीचा पाऊस बरा झाला, मालदांडी एकरी चार क्विंटल उतरली, तर अठ्ठावीस क्विंटल होते. २०२५-२६ चा मालदांडीचा हमीभाव ३,७४९ रुपये. तो पुरता पदरात पडला असे धरले तरी एक लाख पाच हजार, कडबा वेगळा. खर्च अजून वजा केलेला नाही. आणि पावसाने दगा दिला तर नुसता कडबा. शेजारी कालव्याच्या पाण्यावर तीन एकर ऊस आहे. एकरी चाळीस टन आणि टनाला तीन हजार धरले तर तीन लाख साठ हजार. त्याचाही खर्च आहे, कारखान्याकडे हेलपाटे आहेत, तोही सुखात नाही. पण या दोघांत मोठा शेतकरी कोण?

२००८ च्या केंद्राच्या कर्जमाफीने या प्रश्नाचे उत्तर दिले. सात एकरवाला मोठा आणि तीन एकरवाला लहान! दोन हेक्टरांच्या आत ज्याची जमीन त्याचे थकलेले कर्ज सगळे माफ. त्यावरच्याने पंचाहत्तर टक्के आधी भरायचे, मग पंचवीस टक्के सूट. दुष्काळी जिल्ह्यांत ही सूट निदान वीस हजार. विदर्भ-मराठवाड्यातला कापूसवाला, ज्याच्या आत्महत्यांचे दाखले देऊन ती योजना आणली, तोच एकरांच्या मापाने दाराबाहेर राहिला. बागायतदाराला मिळाले याचे आम्हाला दुःख नाही, तोही आपलाच भाऊ. पण बाहत्तर वर्षांपूर्वी फैजपूरच्या मांडवात जे माप नेमके सुचले होते, ते दिल्लीच्या कचेरीत कोणाला आठवू नये?

राज्याच्या २०१७ आणि २०१९ च्या योजनांत एकराची अट नव्हती, तिथे रकमेची आली. आधी दीड लाख, मग दोन लाख. २०१९ च्या योजनेत दोन लाखांच्या वर थकलेला मुळातच बाद. कर्ज का थकले, जमिनीने काय दिले, हे पुन्हा कोणी विचारले नाही.

आता ठरावाची उणी बाजू. फैजपूरच्या लेकरांनी फैजपूरचे सगळेच पवित्र मानले, तसे आम्ही मानत नाही. तेराही कलमे पुन्हा पुन्हा वाचा. सारा आहे, खंड आहे, कर्ज आहे, पाणी आहे, गुरचरण आहे. शेतमालाचा भाव नाही. अधिवेशन कापसाच्या मुलखात भरले होते. १९२९ नंतरच्या मंदीत कापसाचे भाव निम्म्याच्या आसपास आले होते आणि सारा मात्र रोख, ठरल्या आकड्याने भरावा लागत होता. म्हणजे त्याच साऱ्यासाठी पूर्वीच्या दुप्पट कापूस विकायचा. सारा कमी करा म्हणणाऱ्यांनी भावाचे नाव घेतले नाही. कर्ज हे दुखणे धरले, कर्ज ज्यातून निपजते ते मोकळे सोडले. या भागाला हे नवे नव्हते. मे १८७५ मध्ये सुप्याला सावकाराच्या खतांची होळी झाली, ते लोण आपल्या श्रीगोंदे, पारनेर, कर्जतात पोचले, १८७९ मध्ये दक्षिणेतल्या शेतकऱ्यांसाठी कर्जाचा खास कायदा झाला. तरी १९३६ मध्ये पुन्हा कर्जाचेच कलम लिहावे लागले.

हे कलम राहून गेले त्याची किंमत पुढच्या पिढ्यांनी मोजली. १९६४ नंतर ज्वारीची सरकारी एकाधिकार खरेदी आली, लेव्ही आली. तलाठी दारात उभा राहून कमी भावात ज्वारी मोजून नेत असे, ते सांगणारे म्हातारे अजून गावोगाव आहेत. १९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी आली, आणि शेजारच्या राज्यात भाव चढला तरी आपला कापूस आपल्याला सीमेपार नेता येईना. ही धोरणे राबवणारे हात त्याच पक्षाचे होते. भाव हाच मुद्दा, हे शेतकऱ्याने मोठ्याने म्हणायला १९८० चे कांदा-उसाचे आंदोलन उजाडावे लागले. आणि पक्ष बदलले म्हणून रीत बदलली असे कोणी समजू नये. १९ ऑगस्ट २०२५ ला केंद्राने कापसावरचे अकरा टक्के आयातशुल्क उठवले, आणि पुढे सवलत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. आपला कापूस वेचणीला येऊन बाजारात जाण्याचे नेमके हेच महिने. मध्यम धाग्याचा हमीभाव ७,७१० जाहीर करायचा आणि परदेशी गाठींना दार उघडायचे, याला काय म्हणायचे ते ज्याचे त्याने ठरवावे.

एक गोष्ट साने गुरुजींची. १९३७ च्या जुलैत मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले. कर्जनिवारणाचा कायदा व्हायला १९३९ उजाडले आणि त्याच वर्षाअखेर मंत्रिमंडळाने राजीनामाही दिला. मध्ये १९३८ मध्ये पूर्व खानदेशात अतिवृष्टीने पिके बुडाली. सारा माफ करा म्हणून गुरुजींना शेतकऱ्यांना घेऊन उठावे लागले. सरकार कोणाचे? ज्यांच्या मांडवात त्यांनी राबणूक केली त्यांचेच. त्यांनी आपल्याच माणसांना अडचणीत आणले असे तेव्हाही म्हणणारे असतील. आम्हाला मात्र फैजपूरची खरी आठवण ठेवणारा तो पहिला माणूस वाटतो.

तेव्हा काष्टीत काय करायचे? फोटो, हार, पाहुणे, सत्कार, मग वेळ संपला म्हणून शेतकऱ्यांची दोनच मनोगते, असा कार्यक्रम आपण करू नये. २०२६ च्या डिसेंबरातल्या शेवटच्या शनिवारी, जनावरांच्या बाजारात, जिथे बैल घ्यायला आणि विकायला चार तालुक्यांची माणसे जमतात, तिथे तेरा कलमे एकेक करून मोठ्याने वाचावीत. प्रत्येक कलमानंतर थांबून विचारावे, हे तुमच्या गावात झाले का? गुरचरण राहिले आहे की कोणाला देऊन टाकले? मजुरी किती आणि ती देणाऱ्याला परवडते का? हा शेवटचा प्रश्न आपल्यालाही टोचेल, टोचू द्यावा. मजुराच्या कलमापाशी आवाज खाली नेऊ नये.

मग चौदावे कलम लिहायला घ्यावे, भावाचे, आणि त्याच्या खाली पंधरावे, की कोणतीही माफी, विमा किंवा मदत ठरवताना एकर नव्हे, जमिनीचे उत्पन्न मोजावे. शब्द आम्ही ठरवून आणणार नाही. ते बाजारातच ठरतील. पण नुसत्या तोंडी गाऱ्हाण्याने कलम बनत नाही, आकडे लागतात. म्हणून जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने निदान पाच कोरडवाहू घरांचे सातबारे आणि मागच्या दोन हंगामांच्या ज्वारी-कापसाच्या हिशेबपट्ट्या बरोबर आणाव्यात. ज्यांच्याकडे पट्टी नाही, गावातच व्यापाऱ्याला माल मोजून दिला, त्यांनी क्विंटल आणि मिळालेला भाव वहीत लिहून आणावा.