‘नंबर’ ह्या शब्दाविषयीं दोन शब्द

इंग्रजींतून मराठींत आलेल्या शब्दांपैकीं कित्येक शिकलेल्या लोकांच्या तोंडींच राहिले, तर कित्येकांना कचेरीचा उंबरठा कधीं ओलांडतांच आला नाहीं. ‘नंबर’ हा शब्द मात्र असा आहे कीं, ज्यांनीं इंग्रजीचें एक अक्षरहि गिरविलें नाहीं अशा आजीबाईंपासून कॉलेजांतील विद्यार्थ्यांपर्यंत तो सर्वांच्या जिभेवर सारखाच खेळतो. मूळचा हा लॅटिन भाषेंतील ‘नुमेरुस’. तो फ्रेंचमधून इंग्रजींत गेला आणि इंग्रजांबरोबर आमच्याकडे आला. त्याचा साधा अर्थ संख्या. परंतु आमच्या कोल्हापुरांत एका दिवसांत तो किती निरनिराळ्या अर्थांनीं कानांवर पडतो हें जर कोणी मोजूं लागेल, तर त्यास नवल वाटल्यावांचून राहणार नाहीं.

शेतकऱ्यास त्याची जमीन कोठें आहे म्हणून विचारा. तो प्रथम नंबर सांगतो. १९४७ च्या कायद्याप्रमाणें ज्या गांवीं जमिनींचें एकत्रीकरण झालें, त्या गांवीं जुना ‘सर्व्हे नंबर’ जाऊन ‘गट नंबर’ आला. ज्या उताऱ्यावर त्याचें सर्वस्व लिहिलेलें असतें, त्याचें तर नांवच ‘सातबारा’. गांव नमुना ७ हा जमिनीच्या हक्कांचा व १२ हा पिकांचा. ह्या दोन नमुन्यांच्या नंबरांनींच त्या कागदाचें बारसें झालें! साखर कारखान्याच्या दप्तरांत ऊसतोडीसाठीं ‘क्रमपाळी’ असा सुरेख मराठी शब्द आहे. परंतु बांधावर उभा असलेला शेतकरी, “आमच्या उसाचा नंबर अजून आला नाहीं,” असेंच म्हणणार. परमुलखांत मोटारीच्या पाटीवर ‘एमएच ०९’ हीं अक्षरें दिसलीं म्हणजे कोल्हापूरकरास गांवचें माणूस भेटल्याचा आनंद होतो. दवाखान्यांत नंबर लावावयाचा, चोरट्या व्यवहारास ‘दोन नंबरचा’ म्हणावयाचें, तांबडा रस्सा मनाजोगता झाला कीं ‘एक नंबर!’ अशी पावती द्यावयाची. फार काय, वृद्ध माणसें आपल्या सोबत्यास पोहोंचवून परत येतांना, “आतां आपलाच नंबर,” असें हंसत म्हणतात, तेव्हां मृत्यूसहि ह्या शब्दानें रांगेंत उभें केलेलें असतें.

आतां ह्या नंबराचा मोठेपणा तरी कोणत्या बाजूस आहे? चष्म्याचें उदाहरण घ्या. मोनोयर नांवाच्या फ्रेंच नेत्रवैद्यानें १८७२ सालीं सुचविलेल्या डायॉप्टर ह्या मापानें भिंगाचा नंबर ठरतो. भिंगाचें केंद्रांतर अर्धा मीटर असेल तर नंबर २, पाव मीटर असेल तर ४. म्हणजे येथें आंकडा वाढला तर समजावें कीं चष्म्याची गरज वाढली. इचलकरंजीच्या मागवाल्यास विचारा. तो सांगेल कीं ८४० वार लांबीच्या जितक्या लडी एका पौंडांत बसतात, तितका त्या सुताचा नंबर. त्यामुळें २० नंबरचें सूत जाडेंभरडें व ८० नंबरचें तलम. येथें मोठा आंकडा भूषणाचा. परीक्षेंत मात्र पहिला तो थोर आणि चाळिसावा तो नादान! तेव्हां नंबर कशाचा व तो कशासाठीं दिला, हें समजल्याशिवाय नुसत्या आंकड्यास कांहींच अर्थ नाहीं. हा साधा विचार शहाणीं माणसेंहि विसरतात.

मराठींत ह्या निरनिराळ्या अर्थांसाठीं निरनिराळे शब्द होते व आहेत: संख्या, आंकडा, क्रम, पाळी, माप, प्रत. एकट्या नंबरानें त्या सर्वांची जागा घेतली. येथील राजाराम कॉलेजांत ज्यांनीं अध्यापन केलें, त्या माधव ज्यूलियन ह्यांनीं १९३८ सालीं ‘भाषाशुद्धि-विवेक’ हें पुस्तक लिहून परकी शब्दांच्या प्रश्नाचा ऊहापोह केला. आमची तक्रार मात्र शब्द परका असल्याबद्दल नाहीं. शेतास, सुतास व मोटारीस नंबर असणें सोयीचें आहे. तो शब्द आतां आमच्या घरचाच झाला आहे, आणि त्यास हुसकून लावावें असें आम्ही म्हणत नाहीं. आमची तक्रार एवढीच कीं, वस्तूंस शोभणारा हा शब्द माणसांस, आणि त्यांतहि लहान मुलांस, चिकटूं लागला आहे.

शाळेच्या हजेरीपटावर प्रत्येक मुलास एक नंबर मिळतो. त्यांत गैर कांहींच नाहीं. परंतु, “पंधरा नंबर, उभा राहा,” अशी हांक जेथें वर्षभर चालते, तेथें त्या मुलाचें आईबापांनीं हौसेनें ठेवलेलें नांव शाळेच्या दारांतच राहतें. कित्येक शाळांच्या पटांवर आधीं सर्व मुलगे व त्यांच्यामागून मुली, असा क्रम असतो. मग वर्गांतल्या पहिल्या मुलीचा नंबर तिसावा कां, असें तिनें विचारल्यास तिला कोणतें उत्तर द्यावयाचें?

ह्याहून अधिक नुकसान परीक्षेच्या नंबरानें होतें. २०१० पासून आपल्या राज्यांत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत आली, आणि पहिलीपासून आठवीपर्यंतच्या प्रगतिपत्रकांत श्रेणी लिहूं लागले. परंतु कागदावरून गेलेला नंबर लोकांच्या जिभेवरून गेला नाहीं. मूल घरीं आलें कीं पहिला प्रश्न, “कितवा नंबर?” शेजारीं तेंच विचारतात, पाहुणेहि तेंच. चाळीस मुलांच्या वर्गांत पहिला एकच असावयाचा. बाकीच्या एकोणचाळिसांनीं मान खालीं घालावी, असाच ह्या प्रश्नाचा अर्थ होतो. आणि हा नंबर सांगतो तरी काय? समजा, वर्गांतील प्रत्येक मुलानें मेहनत करून दहा-दहा गुण अधिक मिळविले. सगळा वर्ग पुढें गेला. पण नंबर जसेच्या तसेच राहिले! कोण कोणाच्या पुढें उभा आहे एवढेंच जें माप सांगतें, त्यानें ज्ञानाची वाढ मोजूं जाणें म्हणजे तराजूनें कापड मोजण्यासारखें आहे.

ह्यावर कोणी म्हणतील, “नंबर नसेल तर मुलांत चुरस राहणार नाहीं, आणि चुरस नसेल तर अभ्यास कोण करील?” आक्षेप विचार करण्यासारखा आहे. त्याचें उत्तर आम्ही आपल्या गांवच्या मातींतूनच देतों. श्री शाहू छत्रपति महाराजांनीं बांधविलेलें व १९१२ सालीं पुरें झालेलें खासबाग मैदान कोल्हापुरांत कोणास ठाऊक नाहीं? चुरस पाहावी तर तेथें. मैदानाच्या जाहिरातींत कुस्त्यांना नंबर दिलेले असतात, आणि सर्वांत मोठी ती ‘एक नंबरची कुस्ती’. पण नीट पाहा: हा नंबर कुस्तीचा असतो, एका पैलवानाचा नव्हे. तो जोडीस मिळतो. जो चीत झाला, त्याच्याविषयींहि पुढें वर्षानुवर्षें, “ह्यानें खासबागेंत एक नंबरची कुस्ती धरली होती,” असें अभिमानानें सांगतात. तोडीस तोड जोडीदार असल्याशिवाय एक नंबर कोणालाच मिळत नाहीं. शिवाय ही कुस्ती लागते सर्वांच्या शेवटीं. तोंवर लहानसहान पोरांच्याहि कुस्त्या लोक टाळ्या देत पाहतात, आणि पोरांच्या पदरीं बक्षीस पडतें. तालमींत वस्ताद नव्या पोरास पहिल्याच दिवशीं नामांकित मल्लापुढें उभें करीत नाहीं. त्याच्या वयाचा व वजनाचा जोड पाहून देतो. वर्गांत हीच रीत ठेवली तर चुरस राहील आणि मान खालीं घालण्याची पाळीहि कोणावर येणार नाहीं.

पवित्र शास्त्रांतील ज्या पुस्तकास इंग्रजींत ‘नंबर्स’ म्हणतात, त्यास मराठींत ‘गणना’ असें नांव आहे. त्याच्या आरंभीं इस्राएल लोकांची मोजदाद सांगितली आहे. परंतु ती घराणीं पाहून, नांवनिशीवार केलेली. आधीं नांव, मग आंकडा. मोजणें वाईट नाहीं. मोजतांना माणूस हरवूं देणें वाईट.

ज्या वार्षिकांत हा लेख वाचकांपुढें येत आहे, त्याच्या प्रत्येक प्रकाशनासहि इंग्रजींत ‘नंबर’च म्हणतात, आम्ही त्यास ‘अंक’ म्हणतों. संस्कृतांत अंक म्हणजे आंकडा, तसाच अंक म्हणजे मांडी. आपल्या पूर्वजांच्या ह्या एका शब्दांत मोजणेंहि आहे आणि जवळ घेणेंहि आहे.

तेव्हां आमच्या शिक्षकबंधुभगिनींस विनंती आहे कीं, जूनमध्यें शाळा सुरू झाल्यापासून महिन्याभरांत वर्गांतील प्रत्येक मुलाचें नांव पाठ करावें व त्यास नांवानेंच हांक मारावी. पालकांनीं प्रगतिपत्रक हातीं आल्यावर, “गेल्या खेपेस जें येत नव्हतें, त्यांतलें आतां काय येऊं लागलें?” एवढें विचारावें. आणि आमच्या विद्यार्थिमित्रांनीं आपल्याहून किंचित् सरस असा एक जोडीदार शोधावा व त्याच्याबरोबर रोज झटावें. निकालाच्या दिवशीं दोघांपैकीं कोणीहि पुढें असला, तरी दुसऱ्याचा त्यांत वांटा आहे हें दोघांसहि ठाऊक असेल.