खाजणातले भात आणि प्रयोगशाळेतले बी



४ मे २०२५ रोजी केंद्रीय कृषिमंत्र्यांनी दिल्लीत भाताची दोन नवी वाणे जाहीर केली. प्रयोगशाळेत भाताच्या स्वतःच्याच जनुकात फेरफार करून काढलेली ही आपल्या देशातील पहिली वाणे होत. एकाचे नाव ‘कमला’. दुसऱ्याचे ‘पुसा डीएसटी राईस १’. हे दुसरे वाण अवर्षणाला आणि जमिनीतील खारेपणाला तोंड देते, असे शास्त्रज्ञ सांगतात. खारेपणा हा शब्द ऐकताच पेडण्याकडील खाजणवाल्या शेतकऱ्यांचे कान टवकारले, यात नवल नाही. ‘फादर, असले बी शेतात घालावे काय?’ असा प्रश्न मला एकाहून अधिक जणांनी विचारला आहे. एका शब्दात त्याचे उत्तर देणाऱ्यावर, मग तो बियाण्यांचा व्यापारी असो की चळवळ्या, सहसा विश्वास ठेवू नये.

प्रथम शब्दांचा घोळ दूर करू. पिकात परक्या जीवाचे जनुक आणून बसविणे ही एक रीत, आणि पिकाच्या स्वतःच्या जनुकात कापाकापी करणे ही दुसरी. पुसाचे भात दुसऱ्या रीतीचे आहे. ‘एमटीयू १०१०’ या आंध्रातील वाणाचे एक जनुक त्यात निकामी केले आहे. बाहेरचे काही त्यात ठेवलेले नाही. अशा वाणांना ३० मार्च २०२२ च्या सरकारी आदेशाने जनुकपालटाच्या कडक नियमांतून सूट मिळाली. ती देण्यात घाई झाली की नाही, याविषयी जाणत्या लोकांत मतभेद आहेत.

पहिल्या रीतीचा अनुभव आपल्या शेजारच्या महाराष्ट्राने घेतला आहे. मातीत आढळणाऱ्या एका जीवाणूचे जनुक घातलेला बीटी कापूस २००२ साली मंजूर झाला. बोंडअळी ती पाने-बोंडे खाऊन मरू लागली, फवारणी घटली. देशाचे कापसाचे उत्पन्न २००२-०३ मध्ये हेक्टरी सुमारे ३०० किलो रुई होते, ते २००७-०८ पर्यंत ५५० च्या घरात गेले. हे श्रेय एकट्या बियाण्याचे नव्हे, परंतु ते नाकारण्यातही अर्थ नाही. पुढे मात्र गुलाबी बोंडअळी त्या विषाला पुरून उरली, फवारणीचे पंप पुन्हा पाठीवर चढले, आणि २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व मजूर दगावले. विदर्भातील आत्महत्यांचे सारे खापर या एका बियाण्यावर फोडतात, ते मला न्याय्य वाटत नाही. कोरडवाहू जमीन, सावकारी कर्ज आणि पडलेले भाव ही कारणे त्याच्या आधीपासूनची आहेत. परंतु एक गोष्ट निर्विवाद आहे. आपल्याकडे हे जनुक संकरित वाणांत घालून विकले गेले. संकरित बियाण्याचे पीक पुढल्या वर्षी पेरले तर ते एकसारखे उगवत नाही. म्हणजे घरच्या कापसातून सरकी राखून पेरण्याची वाट बंद झाली, आणि दर पावसाळ्याच्या तोंडी पाकिटासाठी दुकानाची पायरी चढणे भाग पडले.

याच्याशी बांगलादेशातील वांग्याची तुलना करून पाहा. जालन्याच्या महिको कंपनीने तयार केलेल्या बीटी वांग्याला आपल्या सरकारने ९ फेब्रुवारी २०१० रोजी स्थगिती दिली. तेच जनुक बांगलादेशाच्या सरकारी संशोधन संस्थेने आपल्या देशी, सरळ वाणांत घातले, आणि २०१४ पासून ती रोपे शेतकऱ्यांना मिळू लागली. तेथील शेतकरी त्या वांग्याचे बी स्वतः राखू शकतो. जनुक एकच, पण एका देशात शेतकरी बियाण्याचा गिऱ्हाईक झाला, दुसऱ्यात त्याचा धनी राहिला. माझ्या मते खरा प्रश्न येथे आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रात अशा धान्यापासून माणसाला अपाय होतो असा निर्णायक पुरावा नसल्याचे मान्य केले होते. त्यांची चिंता होती ती सुपीक जमीन मूठभरांच्या हाती जाऊन लहान शेतकरी देशोधडीला लागण्याची.

आता आपल्या खाजणाकडे वळू. खारेपणा सोसणारे भात दिल्लीहून येईल तेव्हा येईल. ते आपल्या घरी पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्याचे नाव कोरगुट. भरतीचे पाणी मानशीच्या दारांनी अडवावे, पावसाने जमिनीतले मीठ धुऊन न्यावे, आणि उरलेल्या खारटपणात जे भात तग धरते ते हे. त्याचे दोषही झाकू नयेत: ते उंच वाढते, वाऱ्याने आडवे होते, आणि उत्पन्न बेताचे देते. जया आणि ज्योती ही अधिक पिकणारी वाणे आल्यावर लोकांनी ते सोडले, यात त्यांना दोष देता येत नाही. परंतु बांध फुटून खारे पाणी आत शिरले की जया मान टाकते, आणि तेव्हा कोरगुटाची आठवण होते.

जुने गोवे येथील इला गावातल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने ही गोष्ट ओळखली. तेथील शास्त्रज्ञांनी कोरगुटातूनच निवड करून ‘गोवा धान १’ व ‘गोवा धान २’ ही खारेपणा सोसणारी वाणे काढली. त्यांत जनुकाची कापाकापी नाही. चांगली ओंबी निवडून पुन्हा पेरण्याची जी रीत आमच्या आज्या पाळीत, तीच येथे शास्त्रशुद्ध पद्धतीने वापरली. केरळातील पोक्काली या खाऱ्या पाण्यातल्या भाताचीही अशीच कथा. खारेपणा सोसण्याचा ‘सॉल्टॉल’ नावाचा जो जनुकभाग जगभरचे भात-शास्त्रज्ञ आज वापरतात, तो त्या भातात सापडला. उद्या आणखी कोणी नवे हत्यार घेऊन आला, तरी त्याला सुरुवात अशाच एखाद्या गावठी दाण्यापासून करावी लागेल. आणि तो दाणा कोणी पेरीतच नसेल, तर तो आणणार कोठून?

पेडण्यात ही भीती काल्पनिक नाही. मोप्याचा विमानतळ झाल्यापासून जमिनीला जो भाव आला आहे, त्यापुढे भाताच्या खंडीला कोण विचारतो? एकाने खाजण पडीक टाकले की शेजाऱ्याच्या बांधाचीही डागडुजी थांबते, आणि दोन-तीन पावसाळ्यांत सगळा पट्टा खारा होतो. डिचोलीत संकट निराळे. तेथे खाणींच्या मातीचा गाळ शेतांत उतरला, आणि गाळावर कोणत्याही जनुकाचा उपाय चालत नाही.

तेव्हा विचारणाऱ्यांना माझे सांगणे असे. नवे वाण येथे आले तर आधी चार प्रश्न विचारा: हे सरळ वाण की संकरित? पुढल्या वर्षी घरचे बी चालेल काय? आपल्या खाजणात त्याची चाचणी झाली आहे काय? आणि उकड्या तांदळाची आपली चव त्याला येते काय? शेवटचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. जे घरात शिजत नाही ते शेतात टिकत नाही. कायदाही तुमच्या बाजूने आहे. २००१ च्या वनस्पतिवाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने, संरक्षित वाणाचे बीसुद्धा राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि छापील नाव न लावता विकण्याचा अधिकार शेतकऱ्यास दिला आहे.

आणि ज्यांच्या घरी अद्याप कोरगुट आहे त्यांनी यंदाच्या सरद हंगामात निदान एक कुणगा त्यासाठी राखावा. कापणीपूर्वी भरदार, निरोगी ओंब्या वेगळ्या काढाव्यात, चांगल्या वाळवाव्यात, आणि दमट हवा लागणार नाही असे ते बी बांधून ठेवावे. आपल्या किनाऱ्यावर भाताचे बी फार काळ जिवंत राहत नाही, म्हणून दर वर्षी ते नव्याने पेरावे लागते. ज्यांचे संपले असेल त्यांनी इला येथील संस्थेत गोवा धानाची चौकशी करावी, किंवा कोरगुट राखणाऱ्या शेजाऱ्याकडे पायलीभर मागावे. पेरणीला अजून अवकाश आहे, तोवर हे बोलणे करून घ्यावे.