महानगर कसे पाहावे?

राहुरीसारख्या तालुक्याच्या गावाहून कोणी प्रथमच मुंबईस जाऊन आला, की त्याच्या वर्णनात तीन गोष्टी हटकून असतात : उंच इमारती, अथांग समुद्र आणि न संपणारी गर्दी. ते ऐकून पुष्कळ मुलांना आपले गाव उगाच लहान वाटू लागते. मला वाटते, शहर अर्धेच पाहिल्याचा हा परिणाम आहे.

शहर पाहून आश्चर्य वाटणे स्वाभाविक आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची भव्य वास्तू उभारण्यास १८७८ ते १८८८ अशी दहा वर्षे लागली. तिचा घुमट, तिच्या कमानी आणि दगडांत कोरलेले पशुपक्षी पाहताना मान आपोआप वर होते. तेथेच, बोरीबंदरहून, १६ एप्रिल १८५३ रोजी आगगाडी प्रथम ठाण्यास निघाली. हे सारे जरूर पाहावे. परंतु जे डोळ्यांना दिसते, ते कोठून आले आणि कोणाच्या श्रमांवर चालते, हेही विचारावे.

पाण्याचेच उदाहरण घ्या. मुंबईत विसाव्या मजल्यावरही तोटी फिरवताच पाणी येते. नवख्या पाहुण्यास ती शहराचीच किमया वाटते. पण भोवतालचा समुद्र खारा! शहराचे बहुतेक पाणी दूरच्या डोंगराळ मुलखातून येते. तानसा तलाव १८९२ साली पुरा झाला, मोडकसागर १९५७ साली. पुढे भातसा धरणाची भर पडली. तानसा आणि भातसा हे दोन्ही जलाशय ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात आहेत. आणि त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात आयाबहिणी डोक्यावर हंडे घेऊन पायपीट करतात, टँकरची वाट पाहत बसतात!

राहुरीच्या मुलांना हे चटकन उमजेल. त्यांच्याच तालुक्यात, बारागाव नांदूर येथे, मुळा नदीवर धरण आहे. त्यात २६ अब्ज घनफूट पाणी साठते. हा साठा व्हावा म्हणून अनेक कुटुंबांना आपली घरे व शेते सोडावी लागली. त्या पाण्यावर ऊस उभा राहतो, कांदा पिकतो. आणि या जिल्ह्यातील कांदा वाशीच्या बाजारातून मुंबईकरांच्या ताटात पडतो. मग आपले गाव लहान कसे?

म्हणून कोणी शहराला नावे ठेवावीत, असे मात्र नव्हे. परळचे केईएम रुग्णालय १९२६ पासून गावोगावच्या रुग्णांना आधार देत आले आहे. शहर गावावर जगते, तसे गावही अडीअडचणीस शहराकडेच धाव घेते. दोघे एकमेकांचे ऋणी आहेत.

मात्र ऋण फेडावयाचे असते. ज्या पाड्यांच्या शेजारचे पाणी शहर पिते, त्या पाड्यांवर बारमाही पाणी पोचविणे, हे त्या शहराचे पहिले कर्तव्य होय. ते होईपर्यंत कोणत्याही उंच इमारतीचा अभिमान अपुराच राहील. तुम्ही महानगरात जाल, तेव्हा मान वर करून इमारती अवश्य पाहा. पण पेला भरल्यावर तोटी नीट बंद करावयास विसरू नका.