बिट नवे, पण भोक कसे?

फर्निचरच्या धंद्यात आपले कितीतरी कारागीर बांधव आहेत. हत्यारांच्या दुकानात लाकडासाठी नाना तऱ्हेची ड्रिल बिटे टांगलेली असतात. विक्रेता मऊ लाकडात झटक्यात भोक पाडून दाखवतो आणि मिस्त्री दिवसाची मजुरी मोजून मोकळा होतो. आमचे म्हणणे एवढेच की, नवलाईवर जाऊ नका. आपल्या रोजच्या कामाला कसले भोक लागते ते आधी पाहा.

फोर्स्टनर बिटाचे उदाहरण घ्या. अमेरिकेतील बेंजामिन फोर्स्टनर या बंदुका बनवणाऱ्या कारागिराने 1874 मध्ये त्याचे पेटंट घेतले. हे बिट कडा साफ कापते आणि तळ सपाट ठेवते. कपाटाच्या दाराला आतून बसणाऱ्या बिजागरीची वाटी बहुधा 35 मि.मी. व्यासाची असते आणि तिला सुमारे 12 मि.मी. खोल खड्डा लागतो. 18 मि.मी.च्या फळीत खाली उरते जेमतेम 6 मि.मी. चपट्या पात्याच्या स्वस्त बिटाचे लांब टोक तेवढ्यात आरपार जाते आणि गिऱ्हाइकाचे दार वाया! इथे महाग बिटच स्वस्त पडते.

चौकोनी भोक पाडणाऱ्या बिटाची गोष्ट उलटी. आतले गिरमिट गोलच भोक पाडते; कोपरे कापते ती बाहेरची पोकळ चौकोनी पटाशी, तीही दाबाने. हातातल्या मशीनने तो दाब नीट येत नाही, त्याला स्टँडचे मशीन हवे. महिन्याला चार-दोन कुसा बसवणाऱ्याला हातची पटाशी पुरेशी आहे.

खरेदीला जाताना सागाचा आणि प्लायवूडचा तुकडा सोबत न्या. कड फाटते का, तळ कसा येतो, लाकूड काळे पडते का, हे पाहा. प्लायमधील गोंद साध्या पोलादाची धार लवकर मारतो. तिथे कार्बाइडचे टोक बरे. मोठे बिट मंद गतीनेच चालवा, नाहीतर धारेचे पाणी उतरते. धार घरी लावता येईल का, हेही विचारा.

दुकानदार बांधवांनीही गिऱ्हाइकाला त्याच्याच लाकडावर बिट चालवून पाहू द्यावे. एक बिट कमी खपेल, पण गिऱ्हाईक परत येईल. कारागिराने बिटाची किंमत पाकिटावर वाचू नये. त्याने किती साफ भोके पडतील, यावर ती मोजावी.